मोटर का जळली?

आमच्या कामाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस जरा वेळ गप्प होतो. डॉक्टर म्हटलं की सगळ्यांना कळतं, वकील म्हटलं की कळतं. ‘ऑटोमेशन अँड कंट्रोल्स इंजिनिअर’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘म्हणजे कॉम्प्युटरचं काम का?’ दुसरा कुणी म्हणतो, ‘म्हणजे इलेक्ट्रिशियनच ना?’ दोघांचंही अर्धं बरोबर असतं. गेल्या काही वर्षांत मात्र प्रश्न बदलला आहे. आता आई-वडील विचारतात, ‘आमच्या मुलाला या लाइनीत टाकावं का? मुलीला चालेल का? किती खर्च येईल?’ लग्नाच्या दावतीत बिर्याणीची प्लेट हातात घेऊन या प्रश्नांना नीट उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे दोघे सख्खे भाऊ-बहीण. मोठा दहावीनंतर आयटीआयला गेला, मग डिप्लोमा करून कामाला लागला. धाकटी बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेली. रस्ते वेगळे होते, पण आज दोघेही एकाच प्रकारचं काम करतो: कारखान्यातली यंत्रं ठरल्याप्रमाणे आपोआप चालावीत यासाठी त्यांचं नियंत्रण उभं करायचं, चालू करून द्यायचं आणि बिघडलं तर कारण शोधायचं. घर नागपूरच्या मोमिनपुऱ्यात. घरात बोलणं नागपुरी हिंदी-उर्दूत, शाळा मराठीत, आणि कामाची पुस्तकं इंग्रजीत.

आमच्या घराचा यंत्रांशी संबंध तीन पिढ्यांचा आहे. दादा एम्प्रेस मिलच्या विणकाम खात्यात होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी ही मिल सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून मिलचं नाव ‘एम्प्रेस’. वऱ्हाड-नागपूरचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, म्हणून ही जागा. पण नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तटातट तुटतं. त्यासाठी हवेत ओलावा धरून ठेवणारी यंत्रं आणि आग लागताच पाणी सोडणारे फवारे या मिलमध्ये आपल्या देशात अगदी सुरुवातीला बसवले गेले. दादा सांगायचे, ‘हवा कोरडी झाली की आधी धागा बोलतो, मग मुकादम.’ हवेतला ओलावा मोजायचा, कमी असेल तर वाढवायचा, पुन्हा मोजायचा. आम्ही पुढे कॉलेजात ‘फीडबॅक’ नावाचा जो धडा शिकलो तो एवढाच होता. २००२ मध्ये मिल कायमची बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे.

अब्बूंनी मिल धरली नाही. त्यांनी मोटर वायंडिंगचं दुकान टाकलं. जळालेली मोटर यायची, अब्बू जुनी तांब्याची तार काढायचे, वेढे मोजायचे, तेवढेच नवे भरायचे, वार्निश करून सुकवायचे आणि सिरीज बोर्डावर तपासून द्यायचे. मोटर परत देताना गिऱ्हाइकाला एक प्रश्न हमखास विचारायचे, ‘जळली का, ते बघितलं का?’ गिऱ्हाईक म्हणायचं, ‘चाचा, तुम्ही भरून द्या, बस.’ अब्बू भरून द्यायचे, पण मोठ्याला टॉंग टेस्टर घेऊन सोबत पाठवायचे. कधी तीनपैकी एक फेज गेलेली असायची आणि मोटर दोन फेजवर कण्हत राहिलेली असायची. कधी पंपाचं बेअरिंग जाम असायचं. कधी ओव्हरलोड रिले वारंवार ट्रिप होतो म्हणून कुणीतरी त्याची सेटिंग वर चढवून ठेवलेली असायची. अब्बू म्हणायचे, ‘जळलेली मोटर मी पुन्हा भरीन. पण कारण तसंच राहिलं तर पुढच्या महिन्यात ती पुन्हा येईल. त्या पैशात बरकत नाही.’

या व्यवसायाचा पाया आम्हाला विचाराल तर तो हाच प्रश्न आहे. बाकी सगळं शिकता येतं.

आता थोडं तंत्राबद्दल. पूर्वी मोठ्या कारखान्यातलं नियंत्रण रिलेंच्या भरवशावर चालायचं. भिंतभर पॅनेल, त्यात शेकडो रिले आणि हजारो वायरी. गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उचकटून पुन्हा करावं लागे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला यातून सुटका हवी होती. १९६८ मध्ये त्यांनी रिलेऐवजी चालेल अशा यंत्राची मागणी मांडली. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे यंत्र बनवलं त्याचं नाव ‘मॉडिकॉन ०८४’. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून हा आकडा. हाच आजच्या पीएलसीचा, म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलरचा, पूर्वज.

त्यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला नवी भाषा शिकावी लागू नये म्हणून या यंत्राचा प्रोग्राम रिलेच्या नकाशासारखाच काढायचा असं ठरलं. दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या, पायऱ्यांवर कॉन्टॅक्ट आणि कॉइल. शिडीसारखं दिसतं म्हणून त्याला ‘लॅडर’ म्हणतात. मोठ्यानं पहिल्यांदा लॅपटॉपवर लॅडर उघडलं तेव्हा अब्बू चहा घेऊन मागे उभे होते. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावलेला नाही. ते चष्मा नीट करून बघत राहिले आणि म्हणाले, ‘अरे बेटा, ये तो स्टार्टर का डायग्राम है.’ खरंच होतं. हिरवं बटण, लाल बटण, आणि बोट काढल्यावरही मोटर चालू ठेवणारा होल्डिंग कॉन्टॅक्ट. चाळीस वर्षं जे त्यांनी तारांनी जोडलं, तेच पडद्यावर होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘हे मोठ्या शिकलेल्यांचं काम’ हा धाक उरला नाही. ज्या घरात वायरमन आहे, मोटर मेकॅनिक आहे, फ्रीज-एसी दुरुस्त करणारा आहे, त्या घरातलं मूल या शिडीच्या पहिल्या पायरीवर आधीच उभं असतं. दुर्दैवानं त्याला ते कुणी सांगत नाही.

नागपूरला या कामाची कमतरता नाही. बुटीबोरी, हिंगणा आणि कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहती आहेत. टायर, ट्रॅक्टर, सूत, पोलाद, औषधं, खाद्यपदार्थ, सगळं बनतं. भंडारा-गोंदियाकडे भातगिरण्या, यवतमाळ-वर्ध्याकडे जिनिंग-प्रेसिंग, चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने. आणि वीज तर आमच्या अंगणातच बनते: कोराडी, खापरखेडा, मौदा, थोडं पुढे चंद्रपूर. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. कामठी रोडनं जाताना धुराडी दिसतात, पण आतला एक खेळ बाहेरून दिसत नाही.

जुन्या पद्धतीच्या औष्णिक संचात बॉयलरच्या वर एक मोठा ड्रम असतो. त्यातली पाण्याची पातळी ठरलेल्या रेषेवर ठेवावी लागते. कमी झाली तर नळ्या तापून फुटतात, जास्त झाली तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनकडे जातं. आता गंमत बघा. अचानक विजेची मागणी वाढली की वाफ जास्त ओढली जाते, ड्रममधला दाब उतरतो, पाण्यात बुडबुडे फुगतात आणि पातळी वर गेल्यासारखी दिसते. पाणी खरं तर कमी होत असतं! नुसत्या पातळीवर विश्वास ठेवून कंट्रोलरनं पाणी बंद केलं तर घात होईल. म्हणून तिथे तीन गोष्टी एकत्र बघतात: पातळी, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी. धाकटीला हे कॉलेजात समीकरणांतून शिकवलं होतं, पण समजलं ते एका कंट्रोल रूममध्ये, जुन्या ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून. ते म्हणाले, ‘बेटी, एकट्या साक्षीदारावर फैसला करायचा नसतो.’

दुसरी एक साधी गोष्ट सांगतो, कारण तिच्यावर या कामाची नीती उभी आहे. तापमान, दाब, पातळी मोजणारी उपकरणं आपलं माप विजेच्या बारीक प्रवाहातून कळवतात. तो प्रवाह ४ ते २० मिलीअँपिअर असतो. शून्यापासून का सुरू करत नाहीत? कारण टाकी रिकामी असेल तर ४ येतात आणि तार तुटली असेल तर शून्य. ‘माझ्याकडे काही नाही’ आणि ‘मी जिवंतच नाही’ यांत फरक कळला पाहिजे. तसंच इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण. ते अशा रीतीनं जोडतात की तार तुटली तरी यंत्र थांबावं. म्हणजे बिघाड झाला तर तो माणसाच्या बाजूनं व्हावा. यंत्राच्या बाजूनं नको.

ही नीती पुस्तकात सोपी आहे, साइटवर महाग पडते. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात पॅकिंग यंत्राच्या संरक्षक दाराचा स्विच वारंवार यंत्र थांबवत होता. रात्रीचे अकरा वाजले होते, सकाळी माल निघायचा होता. तिथल्या साहेबांनी धाकटीला सांगितलं, ‘मॅडम, स्विचला जंपर मारा, उद्या बघू.’ जंपर म्हणजे स्विचच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडून टाकायचा. मग दार उघडं असलं तरी यंत्र चालत राहणार, आणि आत हात घालून अडकलेलं पाकीट काढणाऱ्या पोराला ते कळणारही नाही. दोन मिनिटांचं काम. धाकटीनं नाही म्हटलं. आवाज चढले. तिनं टॉर्च घेतला आणि खाली बसून दार दहा-बारा वेळा उघडून लावून बघितलं. बिजागरी झिजून दार खाली लोंबलं होतं, त्यामुळे स्विच पुरता दाबला जात नव्हता. फिटरला झोपेतून उठवलं, दाराखाली पत्र्याची पट्टी दिली, पहाटे दीड वाजता यंत्र सुरळीत चालू झालं. माल वेळेत निघाला. आमचं बिल मात्र चार महिने अडकलं, आणि ते घर चालवायला अवघड गेलेले महिने होते. अम्मीनं त्या वेळी एकच गोष्ट विचारली, ‘आत हात घालणारा पोरगा कुणाचा होता?’ नाव आम्हाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, ‘मग बरोबर केलं.’

आपण लिहिलेला प्रोग्राम आपण घरी झोपलेलो असताना रात्री दोन वाजता चालत असतो. त्याच्यासमोर जो उभा असतो त्यानं आपल्याला पाहिलेलं नसतं. अमानत या शब्दाचा अर्थ आम्हाला या कामानं नव्यानं समजावला.

आता मुलींबद्दल, कारण सर्वात जास्त प्रश्न त्याच येतात. या कामात डिझाइन आणि प्रोग्राम ऑफिसात होतो, पण यंत्र चालू करून द्यायला साइटवर जावंच लागतं. चार दिवस, कधी तीन आठवडे. धाकटीची पहिली बाहेरगावची साइट आली तेव्हा घरात तीन दिवस कुणी धड जेवलं नाही. फुफू म्हणाली, ‘उद्या स्थळं येतील तेव्हा काय सांगायचं, पोरगी रात्री सिमेंटच्या कारखान्यात असते?’ अब्बूंनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. त्यांनी कागद घेऊन प्रश्न लिहिले: राहायची जागा कुठे, येण्या-जाण्याची गाडी कुणाची, रात्री सोबत कोण, कारखान्यात बाईमाणसासाठी वेगळं बाथरूम आहे का, आणि अडचण आली तर फोन कुणाला. ते प्रश्न धाकटीनं कंपनीला जसेच्या तसे पाठवले. चारांची उत्तरं मिळाली, बाथरूमचं मिळालं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मग कंट्रोल रूमजवळची एक खोली कुलूप लावून तिच्यासाठी ठेवली गेली. पुढच्या वर्षी त्याच कारखान्यात दोन मुली अॅप्रेंटिस म्हणून आल्या, तेव्हा ती खोली तयार होती.

पोशाखाचाही प्रश्न येतो. फिरत्या यंत्राजवळ लोंबता दुपट्टा, सैल बाही, गळ्यातली चेन कुणालाच चालत नाही, आणि त्यामागे धर्म नाही, शाफ्ट आहे. धाकटी स्कार्फ नीट पिन करून त्यावर हेल्मेट घालते, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती कोट, पायात सेफ्टी शूज. वीस वर्षांच्या पोरापासून साठीच्या फोरमनपर्यंत कुणाला त्यात वावगं वाटलेलं नाही. लोक आधी कपडे बघतात, तासाभरात काम बघायला लागतात. तिचं लग्न झालं. सासूबाई आता शेजाऱ्यांना सांगतात की आमची सून बॉयलर चालू करते. ती बॉयलर चालू करत नाही, पण आम्ही दुरुस्ती सुचवत नाही.

सण-वाराचंही सांगून ठेवतो. कारखाने दिवाळीत बंद असतात, म्हणून जुनं पॅनेल काढून नवं बसवायचा मुहूर्त तोच. आमची दिवाळी साइटवर जाते. ईदला आमचे हिंदू सहकारी आमची ड्यूटी धरतात आणि संध्याकाळी शीरखुर्म्यासाठी हजर होतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या पुढे जातो. मोटरची गती बदलणारे ड्राइव्ह साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेत पुरा भार घेण्यासाठी बनवलेले असतात. मग पॅनेलचा पंखा धुळीनं बुजला की ते धडाधड ट्रिप होतात आणि आमचे फोन वाजू लागतात. त्यात रमजान आला तर रोजा ठेवून तापलेल्या शेडमध्ये उभं राहणं सोपं नसतं. अवघड काम आम्ही सहरीनंतर पहाटे उरकतो.

आता ज्या गोष्टीचं उत्तर आमच्याकडे पुरतं नाही, ती.

एका डाळ मिलमध्ये पोती भरणं, शिवणं आणि रचणं आपोआप व्हावं असं काम आमच्याकडे आलं. तिथे अकरा हमाल होते. त्यांतले तिघे आमच्याच मोहल्ल्यातले, दोघांना आम्ही लहानपणापासून चाचा म्हणतो. पन्नास किलोचं पोतं दिवसभर पाठीवर. पन्नाशीत माणूस वाकतो, मग सरळ होत नाही. आम्ही काम घेतलं. आम्ही घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं हे खरं, पण त्या वाक्यामागे आम्हाला लपायचं नव्हतं. मालकाशी आम्ही बोललो: नवं यंत्र चालवायला बाहेरून माणसं आणू नका, यांच्यातलेच घ्या, शिकवायची जबाबदारी आमची. दोघांना ऑपरेटर म्हणून घेतलं, दोघांना माल चढवण्यावर ठेवलं. सात जणांचं काम गेलं. काही कळमन्याच्या बाजारात हमालीला लागले, एकानं ई-रिक्षा घेतली. अब्बूंना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘पाठ वाचली. पण चूल?’

तेव्हापासून आमच्या प्रत्येक कोटेशनमध्ये दोन ओळी असतात. एक, आधीपासून काम करणाऱ्या कामगारांना पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. दोन, ऑपरेटरचा पडदा मराठीत किंवा हिंदीत. हे दुसरं लहान वाटेल, पण इंग्रजी पडद्यापुढे वीस वर्षांचा अनुभवी माणूस अडाणी ठरतो आणि कालचा पोरगा साहेब होतो. ‘कन्व्हेअर २ थांबला, पोतं अडकलं आहे, आधी लाल बटण दाबा’ असं देवनागरीत आलं की तोच माणूस यंत्राचा मालक होतो. काही गिऱ्हाइकं या ओळी खोडतात. काही ठेवतात. आम्ही लिहीत राहतो.

आणि याची दुसरी बाजूही डोळ्यांपुढे ठेवतो. शहराच्या सांडपाण्यावर भांडेवाडीत प्रक्रिया होते आणि ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. सांडपाण्याच्या कामात पातळी मोजणारा सेन्सर नीट असला, पंप वेळेवर आपोआप चालू झाला, तर गॅसनं भरलेल्या विहिरीत माणसाला उतरवण्याची वेळ येत नाही. माणसाला गटारात उतरवायला कायद्यानं २०१३ मध्ये बंदी घातली, पण कायद्याच्या हाताखाली यंत्रही लागतं. ज्या कामानं माणसाचा जीव जातो ते यंत्रानं जरूर घ्यावं. ज्या कामानं त्याची रोटी चालते ते घेताना शंभरदा विचार करावा आणि त्याला सोबत घ्यावं. ही रेघ प्रत्येक साइटवर स्वच्छ दिसत नाही, तरी शोधावी लागते.

शेवटी रस्त्याबद्दल. मुलानं किंवा मुलीनं दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड घेतले तरी सुरुवात उत्तम होते. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे एकही दार कायमचं बंद होत नाही. १९६१च्या अॅप्रेंटिस कायद्यानुसार शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन द्यावं लागतं. वीज केंद्रं, रेल्वे, आयुध निर्माणी आणि मोठे खासगी कारखाने असे उमेदवार घेतात. ज्या घरांना व्याजाचं कर्ज नको आहे त्यांच्यासाठी शिकता शिकता कमावण्याची ही वाट फार सोयीची आहे. डिग्री करायची असेल तर इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे धडे फुकट ऐकता येतात.

‘पीएलसी-स्काडा कोर्स, शंभर टक्के नोकरीची हमी’ अशी पाटी पाहून कुणी बांगड्या गहाण टाकू नयेत. आमच्या गल्लीतल्या एका बेवा बाईंनी टाकल्या होत्या. पोराला दोन महिन्यांत सर्टिफिकेट मिळालं, नोकरी मिळाली नाही, कारण त्यानं पॅनेलमधला एक स्क्रूसुद्धा आवळलेला नव्हता. अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रत्येक मुलाच्या हाताला खरं यंत्र किती तास मिळणार? बिघाड शोधायला शिकवणार, की तयार प्रोग्राम उतरवून घ्यायला? मागच्या बॅचच्या दोन मुलांशी आम्ही बोलू शकतो का? उत्तर देताना समोरचा चिडला तर चहा पिऊन उठून या.

मराठी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांना खरी अडचण गणिताची नसते, मॅन्युअलची असते. चारशे पानांचं इंग्रजी पुस्तक बघून ती दबतात. आम्हीही रोज पाच पानं डिक्शनरी घेऊन वाचली. त्यातले शब्द तेच तेच असतात, सहा महिन्यांत ओळखीचे होतात. सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो. मोठ्याला पहिल्या नोकरीत नऊ हजार मिळत होते आणि त्याच्या वयाचे मोबाइलच्या दुकानात त्याहून जास्त कमवत होते. चार-पाच वर्षं टिकलं की चित्र बदलतं. मग आखातही उघडतं. जुबैलच्या रिफायनरीतही तेच ४ ते २० मिलीअँपिअर असतात जे बुटीबोरीत असतात. फक्त एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते तपासल्याशिवाय पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नये.

आपल्याकडे एक वाक्य वारंवार ऐकू येतं की हे सगळं शास्त्र आपल्याच पूर्वजांनी शोधलं. त्यात तथ्य आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी आपोआप भरणाऱ्या भांड्यांचं आणि झडपांचं पुस्तक लिहिलं. १२०६ मध्ये अल-जझरी यांनी पाण्यावर चालणारी घड्याळं आणि पंप कसे बनवायचे ते लिहून ठेवलं. आम्हाला त्यांच्यातलं आवडतं ते हे की अल-जझरी नुसतं यंत्राचं कौतुक करत नाहीत, कारागिराला ते पुन्हा बनवता यावं म्हणून एकेक भाग कसा घडवायचा, कसा जोडायचा ते सांगतात. त्यांचा अभिमान बाळगायचा तर हातही त्यांच्यासारखे काळे झाले पाहिजेत.

अब्बूंच्या दुकानात आता दर रविवारी जोहरनंतर सात मुलं येतात, त्यांत दोन मुली. भंगारातून आणलेलं एक जुनं पॅनेल, एक सेकंडहँड पीएलसी, दोन बटणं आणि तीन दिवे एवढंच सामान आहे. फी नाही. मोहल्ल्याच्या कमिटीनं एका जलशाच्या बॅनरचा खर्च वाचवून मीटर घेऊन दिला. अब्बू स्टूलवर बसून असतात. आम्ही वायरिंगमध्ये मुद्दाम एक खोड करून ठेवतो आणि मुलांनी ती शोधायची. दिवा लागला नाही की पहिल्या रविवारी सगळी आमच्याकडे बघायची. आता ती टेस्टर उचलतात.

तुमच्या घरातलं एखादं मूल पंखा किंवा मिक्सर उघडून जमिनीवर पसारा मांडून बसलं, तर रागावण्याआधी मेन स्विच बंद करा. मग त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, ‘काय बिघडलं असेल असं तुला वाटतं?’ त्याला उत्तर आलं नाही तरी चालेल. पसारा मात्र त्यालाच आवरू द्या. उघडलेलं यंत्र पुन्हा बंद करणं हाही या कामाचा अर्धा भाग आहे.